नमुना घेतला, पुढे काय?

गणपती, दसरा, दिवाळी अशी सणांची रांग लागली की वृत्तपत्रांतून एक ठरावीक बातमी वाचावयास मिळते. अमुक शहरात अन्न व औषध प्रशासनाने छापा घातला, खव्याचा साठा जप्त केला, तेल-तुपाचे डबे ताब्यात घेतले आणि नमुने तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठविले. दिवाळी संपते, फराळाचे डबे रिकामे होतात आणि बातमीही विस्मरणात जाते. त्या नमुन्याचा अहवाल काय आला, तो प्रतिकूल असल्यास विक्रेत्यास काय शिक्षा झाली, अनुकूल असल्यास अडकवून ठेवलेल्या मालाची भरपाई कोणी केली, हे क्वचितच छापून येते. यात वृत्तपत्रांचाही दोष आहे. छापा एका दिवसाचा असतो, पुढचा प्रवास काही महिन्यांचा, कधी काही वर्षांचा.

‘नमुने प्रयोगशाळेकडे रवाना’ येथे कारवाई संपली असा सर्वसाधारण समज आहे. कायद्याच्या दृष्टीने ती तेथे सुरू होते. नमुना कसा घेतला, किती भागांत विभागला, कोणत्या प्रयोगशाळेत तपासला आणि अहवाल किती दिवसांत दिला, यांपैकी एकही दुवा कच्चा राहिला तर पुढचे सारे श्रम वाया जाऊ शकतात. ग्राहकाच्या पदरात काय पडणार, याचा निकालही बहुतांशी याच दुव्यांवर लागतो.

भारतात अन्नभेसळीविरुद्धची लढाई दीर्घकाळ १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली लढली गेली. त्या कायद्यात बहुतेक गुन्ह्यांचा मार्ग फौजदारी न्यायालयाकडेच जात असे आणि शिक्षेत कैदेवर भर होता. २००६ मध्ये संसदेने अन्न सुरक्षा व मानदे कायदा संमत केला. केंद्रीय प्राधिकरण स्थापन होऊन नियम तयार होईपर्यंत पाच वर्षे गेली आणि ५ ऑगस्ट २०११ पासून नवा कायदा देशभर प्रत्यक्ष अमलात आला. जुना ‘अन्न निरीक्षक’ गेला आणि ‘अन्न सुरक्षा अधिकारी’ आला. मानके ठरविण्याचे काम दिल्लीतील प्राधिकरणाकडे आणि अंमलबजावणी राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांकडे, अशी विभागणी झाली. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त हेच अन्न सुरक्षा आयुक्त असतात. जिल्ह्याच्या पातळीवर सहायक आयुक्त (अन्न) हे पदनिर्देशित अधिकारी म्हणून काम पाहतात आणि अन्न सुरक्षा अधिकारी त्यांच्या हाताखाली असतात.

एका नमुन्याचे चार भाग

अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात शिरतो तेव्हा त्याला प्रवेशाचा, तपासणीचा, नमुना घेण्याचा आणि संशयास्पद माल जप्त करण्याचा अधिकार असतो. मात्र नमुना फुकट उचलून नेता येत नाही. तो पदार्थ ग्राहकांना ज्या दराने विकला जातो, त्या दराने त्याची किंमत विक्रेत्यास द्यावी लागते. नमुना विश्लेषणासाठी घेत असल्याची लेखी सूचना द्यावी लागते आणि साक्षीदाराच्या उपस्थितीत हे काम करावे लागते. किराणा दुकानातील गर्दीत साक्षीदार म्हणून सही करावयास कोणी पुढे येत नाही, ही या कामातील जुनी डोकेदुखी आहे.

नमुन्याचे चार भाग केले जातात. प्रत्येक भाग स्वच्छ, कोरड्या बाटलीत वा बरणीत भरून तिचे तोंड घट्ट बंद केले जाते. त्यावर जाड कागद गुंडाळला जातो आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या सहीची, क्रमांक असलेली कागदी पट्टी तळापासून माथ्यापर्यंत चिकटविली जाते. विक्रेत्याची सही किंवा अंगठा अशा रीतीने घेतला जातो की तो काही पट्टीवर व काही वेष्टनावर उमटावा. नंतर सुतळी बांधून लाखेच्या चार मोहरा उठविल्या जातात: एक माथ्यावर, एक तळाशी, दोन अंगावर. मोहरेचा नमुना असलेले पत्र विश्लेषकाकडे वेगळे पाठविले जाते. दोन्ही मोहरा जुळतात की नाही, हे विश्लेषकाने बाटली उघडण्यापूर्वी पाहावयाचे असते. हा सारा खटाटोप सरकारी कर्मकांडासारखा वाटेल. पण न्यायालयात बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न या मोहरांबद्दलच विचारतो.

दूध, दही, खवा यांसारखे पदार्थ चोवीस तासांतच आंबू लागतात. म्हणून त्यांच्या नमुन्यात फॉर्मेलिन घालावे लागते. त्याचे प्रमाण २५ मिलिलिटर किंवा २५ ग्रॅम पदार्थास दोन थेंब असे नियमांतच ठरवून दिलेले आहे. ते घातले नाही, तर प्रयोगशाळेत पोहोचते ते मूळ दूध राहिलेले नसते.

चार भागांपैकी एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो. तो फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत रवाना करणे बंधनकारक आहे. दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या ताब्यात सुरक्षित राहतात. चौथा भाग, विक्रेत्याने तशी मागणी केल्यास, मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेकडे पाठविला जातो. सरकारी विश्लेषक व खासगी प्रयोगशाळा यांचे अहवाल परस्परांशी जुळले नाहीत, तर ताब्यातील एक भाग निर्देशित प्रयोगशाळेकडे जातो आणि तिचा निष्कर्ष अंतिम मानला जातो. चौथ्या भागाचा हा हक्क अनेक लहान दुकानदारांना ठाऊकच नसतो. अधिकारी पुढे करतील त्या कागदावर सही करून ते मोकळे होतात आणि अहवाल प्रतिकूल आल्यावर धावाधाव सुरू होते.

अन्न विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून चौदा दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. ते शक्य नसेल तर कारणांसह तसे कळवावे लागते. अहवाल प्रतिकूल आल्यास विक्रेत्यास तीस दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येते. हे सारे दिवस मोजले की सणासुदीच्या छाप्यातील पेच लक्षात येतो. दिवाळीच्या आठवड्यात घेतलेल्या खव्याचा अहवाल वेळेवर आला, तरी तो दिवाळीनंतर येतो. तोवर त्याच भट्टीतील, त्याच दिवशीचा उरलेला खवा मिठाईच्या रूपाने खाल्ला गेलेला असतो. म्हणून अधिकारी साठा जप्त करतात किंवा हमीपत्र लिहून घेऊन दुकानदाराच्याच ताब्यात ठेवतात. माल नासून माणसाच्या खाण्यास अयोग्य झाल्याचे दिसले, तर लेखी नोटीस देऊन तो नष्टही करता येतो. छायाचित्रांत दिसतो तो खड्ड्यात ओतला जाणारा माल बहुधा याच तरतुदीखालचा असतो. त्या मालात भेसळ होती, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. प्रशासन दोन प्रकारचे नमुने घेते. वर वर्णन केलेला नमुना कायदेशीर कारवाईसाठीचा. दुसरा पाहणीसाठीचा, तो बाजारात काय चालले आहे याचा अंदाज घेण्यासाठी असतो, त्याचे चार भाग होत नाहीत आणि त्याच्या आधारे खटला भरता येत नाही. फिरत्या प्रयोगशाळेच्या गाडीवर चौकात जागच्या जागी दूध तपासून दाखविले जाते, तेही पाहणीतच मोडते. तेथे दूध ‘नापास’ झाले म्हणून दूधवाल्यावर कारवाई का होत नाही, असा प्रश्न लोक रागाने विचारतात. त्याचे उत्तर असे, की त्या दुधाचा कायदेशीर नमुना नव्याने घ्यावा लागतो आणि तोपर्यंत दूधवाला सावध झालेला असतो.

पाणी घातलेले दूध ‘असुरक्षित’ आहे काय?

प्रतिकूल अहवाल आला म्हणजे भेसळखोर तुरुंगात गेला, असे समजण्याचे कारण नाही. विश्लेषकाने नमुन्याला कोणता शिक्का मारला, यावर पुढचा मार्ग ठरतो. कायद्यात तीन शब्द कळीचे आहेत: कमी दर्जाचे, मिथ्याछाप आणि असुरक्षित.

ठरवून दिलेल्या मानकात न बसणारा, पण आरोग्यास अपायकारक नसलेला पदार्थ ‘कमी दर्जाचा’ ठरतो. टोन्ड दुधाचे उदाहरण घेता येईल. या दुधात स्निग्धांश किमान ३ टक्के आणि स्निग्धेतर घनपदार्थ, म्हणजे दूध संकलन केंद्रावरील प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी असलेला ‘एसएनएफ’, किमान ८.५ टक्के असावा लागतो. एसएनएफ ८.२ भरला तर दूध कमी दर्जाचे. त्यात पाणी मिसळले असेल किंवा जनावरांच्या चाऱ्यामुळे प्रमाण घटले असेल. कायदा कारण विचारत नाही. अशा प्रकरणी पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, कैद होत नाही. वेष्टनावरील मजकूर खोटा, दिशाभूल करणारा किंवा अपुरा असेल तर पदार्थ ‘मिथ्याछाप’ ठरतो आणि तीन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अस्वच्छ जागेत अन्न तयार केल्यास एक लाखापर्यंत आणि फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत दंड आहे.

‘असुरक्षित’ हा शब्द मात्र वेगळ्या वाटेने नेतो. ज्या पदार्थाचे स्वरूप, घटक वा गुणवत्ता आरोग्यास घातक झाली आहे, त्यासाठी फौजदारी खटला भरावा लागतो. कोणास इजा झाली नसेल तरी कैद संभवते. २००६ च्या मूळ कायद्यात ती सहा महिन्यांपर्यंत होती, २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती तीन महिन्यांपर्यंत खाली आणून दंडाची मर्यादा एक लाखावरून तीन लाखांवर नेली. गंभीर इजा झाल्यास सहा वर्षांपर्यंत कैद आहे. मृत्यू ओढवल्यास किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप, शिवाय किमान दहा लाख रुपये दंड. मृताच्या वारसांना किमान पाच लाख रुपये भरपाई देण्याची तरतूदही कायद्यात आहे.

हा भेद ध्यानात न घेतल्याने किती गोंधळ उडतो, याचे उदाहरण दुधानेच घालून दिले आहे. केंद्रीय प्राधिकरणाने २०११ मध्ये देशभरातून दुधाचे १,७९१ नमुने गोळा केले. त्यांतील ६८.४ टक्के मानकांत बसले नाहीत. देशातील दोन तृतीयांश दूध भेसळीचे, अशा मथळ्यांनी घराघरांत धास्ती पसरली. प्रत्यक्षात न बसलेल्या नमुन्यांपैकी मोठा भाग कमी स्निग्धांश, कमी एसएनएफ आणि पाणी यांमुळे नापास झाला होता. २०१८ मधील पाहणीत ६,४३२ नमुने तपासले गेले. तेव्हा आरोग्यास धोकादायक भेसळ बारा नमुन्यांत आढळली. त्याहून चिंताजनक ठरले ते अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष. ते ३६८ नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त होते. ते दुधात कोणी मिसळत नाही. बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि चाऱ्यातून जनावराच्या पोटात जाते आणि दुधात उतरते. त्यावर छापा घालून उपाय होणार नाही, हे उघड आहे. पाण्याच्या भेसळीत ग्राहकाचा खिसा कापला जातो, विषात त्याचा जीव जातो. या दोहोंसाठी एकच ‘भेसळ’ हा शब्द वापरण्याची सवय आपल्याला लागली आहे.

केवळ दंडास पात्र असलेली प्रकरणे न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे जातात. महाराष्ट्रात प्रशासनाचे सहआयुक्त (अन्न) हे काम पाहतात. दंड ठरविताना विक्रेत्याने किती गैरफायदा मिळविला, ग्राहकाचे किती नुकसान झाले, चूक पहिली की वारंवार झालेली, हे पाहावे लागते. दंड न भरल्यास तो जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येतो आणि भरेपर्यंत परवाना निलंबित राहतो. कैदेची शक्यता असलेली प्रकरणे आयुक्तांच्या मंजुरीने न्यायालयात जातात. त्यासाठी गुन्ह्याच्या तारखेपासून एक वर्षाची मुदत आहे. आयुक्तांनी कारणे लेखी नमूद केल्यास ती तीन वर्षांपर्यंत वाढते. फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यास लागणारा वेळ ज्यांना परिचित आहे, त्यांना एक वर्ष किती अपुरे पडू शकते हे सांगण्याची गरज नाही.

न्यायालयात काय टिकते

जुन्या कायद्याच्या काळातील दिल्लीच्या एका खटल्याचा दाखला आजही दिला जातो. महापालिकेने एका विक्रेत्याकडून दह्याचा नमुना घेतला आणि काही महिन्यांनी त्याच्यावर खटला भरला. आरोपीने आपल्या हक्कानुसार नमुन्याचा दुसरा भाग केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठविण्याची मागणी केली. तेथे तो उघडला तेव्हा दही पूर्णपणे कुजलेले होते आणि विश्लेषण अशक्य ठरले. फेरतपासणीचा मौल्यवान हक्क सरकारच्या दिरंगाईमुळे आरोपीने गमावला, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकात त्याची सुटका कायम ठेवली. मूळ दह्यात दोष होता की नव्हता, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने हाच धडा मुंबईत गिरविला गेला. उत्तर प्रदेशातील बाराबंकी येथे घेतलेल्या एका नमुन्यावरून ‘मॅगी’ नूडल्समध्ये शिशाचे प्रमाण अधिक असल्याचा प्रश्न उपस्थित झाला आणि ५ जून २०१५ रोजी केंद्रीय प्राधिकरणाने तिच्या उत्पादन व विक्रीवर देशव्यापी बंदी घातली. नेस्ले कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला. कंपनीस बाजू मांडण्याची संधी दिली गेली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर भिस्त ठेवली, त्यांना कायद्यास अपेक्षित असलेली मान्यता नव्हती, ही त्यामागची प्रमुख कारणे होती. न्यायालयाने मोहाली, हैदराबाद व जयपूर येथील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांतून नव्याने तपासणी करण्यास सांगितले. तेथे शिसे मर्यादेत आढळले आणि नोव्हेंबरमध्ये नूडल्स पुन्हा दुकानांत आल्या. कंपनी मोठी होती, तिच्याजवळ नामवंत वकील होते, म्हणून ती सुटली, असे अनेकांनी म्हटले. परंतु निकालातील मुद्दे प्रयोगशाळेचे आणि कार्यपद्धतीचे होते आणि ते कोपऱ्यावरच्या वाण्यालाही तितकेच लागू पडतात.

प्रयोगशाळांची स्थिती हे या साऱ्या साखळीतील सर्वांत दुबळे ठिकाण आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये संसदेस सादर केलेल्या अहवालानुसार, राज्यांच्या ७२ अन्न प्रयोगशाळांपैकी ६५ प्रयोगशाळांकडे राष्ट्रीय मान्यता मंडळाचे प्रमाणपत्र नव्हते. कायदा मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचीच अट घालतो. त्यानंतर अनेक ठिकाणी सुधारणा झाली, नवी यंत्रे आली. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे प्रशासनाच्या प्रयोगशाळा आहेत आणि पुण्यातील राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेवरही मोठा भार असतो. तरीही सणांच्या तोंडावर सगळ्या जिल्ह्यांतून एकाच वेळी नमुने येऊन पडतात आणि चौदा दिवसांची मुदत पाळणे कठीण होऊन बसते. छाप्यांची संख्या वाढविण्याची घोषणा करणे सोपे असते. विश्लेषकांची संख्या वाढविण्याची घोषणा फारशी ऐकू येत नाही.

कायद्याची मांडणी कडक करावी म्हणून पोलिसांकडून भारतीय दंडसंहितेची कलमे लावण्याची पद्धतही रूढ झाली होती. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली. अन्न सुरक्षा आयुक्तांना सार्वजनिक आरोग्यासाठी एखाद्या पदार्थावर एका वेळी फार तर एक वर्षाची बंदी घालता येते. म्हणून हा आदेश दरवर्षी नव्याने काढावा लागतो. गुटख्याच्या प्रकरणांत दंडसंहितेखालीही गुन्हे नोंदविता येतील काय, हा वाद महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१८ मध्ये न्यायालयाने तसे करण्यास अडसर नसल्याचे म्हटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र उत्तर प्रदेशातील प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने वेगळा निर्णय दिला. असुरक्षित अन्नाबाबत अन्न सुरक्षा कायदाच वरचढ असून त्याच कृत्यासाठी दंडसंहितेच्या कलम २७२ व २७३ खाली सोबतीने खटला चालविता येणार नाही, असे त्यात स्पष्ट झाले. परिणामी चार भागांचा नमुना, विश्लेषकाचा अहवाल आणि आयुक्तांची मंजुरी या वाटेचे महत्त्व अधिकच वाढले.

भगरीचे पीठ आणि महाप्रसाद

दुकान, कारखाना, हॉटेल येथे निदान परवान्याचा क्रमांक असतो. परंतु महाराष्ट्रातील विषबाधेच्या अनेक घटना याबाहेरच्या आहेत. नवरात्र, एकादशी, महाशिवरात्र या उपवासाच्या दिवशी भगरीच्या भाकरी खाऊन उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणे अशा तक्रारींनी रुग्णालये भरल्याच्या बातम्या मराठवाड्यातून वारंवार येतात. भगरीला दमट हवेत बुरशी लागते, तिच्यातून विषारी द्रव्ये तयार होतात आणि दळून ठेवलेल्या सुट्या पिठात हा धोका वाढतो. अशा पिठाच्या पुडीवर ना उत्पादकाचे नाव, ना तारीख. दुकानदाराकडे खरेदीचे बिल नसले की माग तेथेच खुंटतो. खरे तर कायद्यात बिलाला फार मोल आहे: वितरकाने दिलेले बिल हीच मालाच्या दर्जाची हमी समजली जाते. पक्के बिल हाताशी असलेला किरकोळ विक्रेता बोट पुढे दाखवू शकतो. बिल नसलेल्याला सगळा दोष स्वतःच्याच अंगावर घ्यावा लागतो. सणांत खासगी बसच्या टपावरून वा डिकीतून येणाऱ्या बेवारस खव्याची आणि ‘बर्फी’ची कथाही हीच. भूम परिसरातील भट्ट्यांवर घाम गाळून खवा आटविणाऱ्याला त्या स्वस्त मालाशी स्पर्धा करावी लागते, हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात नोंदले जात नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात, सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहातील प्रसादातून शेकडो ग्रामस्थांना विषबाधा झाली. रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडल्या आणि रस्त्याकडेला दोरीला सलाइनच्या बाटल्या टांगून उपचार करावे लागले. अशा वेळी ‘हा तर देवाचा प्रसाद, येथे कसला कायदा’ असे म्हटले जाते. कायदा मात्र तसे म्हणत नाही. अन्न व्यवसायाच्या व्याख्येत नफ्यासाठी चालविलेला आणि नफ्याविना चालविलेला, असे दोन्ही व्यवहार येतात. २०११ च्या परवाना नियमांत तर धार्मिक वा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्यांचा स्वतंत्र उल्लेख असून त्यांना लहान अन्न व्यावसायिकांप्रमाणे नोंदणीच्या कक्षेत आणले गेले. गणेशोत्सवापूर्वी मंडळांनी महाप्रसादासाठी नोंदणी करावी, असे आवाहन प्रशासन करते ते याच आधारे. गावोगावच्या सप्ताहांपर्यंत हे आवाहन पोहोचत नाही. पोहोचले तरी अन्न सुरक्षा अधिकारी प्रत्येक पंगतीला उभा राहू शकत नाही. तेथे नोंदणीच्या कागदापेक्षा शिजवलेले अन्न किती तास झाकून ठेवले, पाणी कोठून आणले आणि भगर कोणाकडून घेतली, याची विचारपूस करणारा एक जबाबदार कार्यकर्ता अधिक उपयोगी पडेल.

ग्राहकाच्या हातात काय आहे

तक्रार नेमकी कोणाकडे करावयाची, येथेच बहुतेकांचा उत्साह मावळतो. हॉटेलसाठी महापालिकेच्या आरोग्य खात्याचाही परवाना लागत असल्याने नागरिक प्रथम तेथे जातात. अन्नाच्या दर्जाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे करावयाची असते. वेष्टनावर छापलेला चौदा अंकी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख व बॅच क्रमांक तक्रारीत नमूद करणे आवश्यक आहे. अर्धा खाल्लेला, पिशवी फोडलेला पदार्थ घेऊन कार्यालयात जाणाऱ्यांची निराशा होते, कारण त्यावर कायदेशीर नमुना म्हणून कारवाई करता येत नाही. अधिकारी त्याच दुकानातून त्याच बॅचचा नवा नमुना घेतात. बिल जपून ठेवले असेल तर हे काम सोपे जाते.

याहून कमी परिचित अशी एक तरतूद कायद्याच्या कलम ४० मध्ये आहे. कोणताही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एकच: खरेदी करतानाच ‘हा पदार्थ मी तपासणीस पाठविणार आहे’ असे विक्रेत्यास सांगावे लागते. ओळखीच्या दूधवाल्यास किंवा मिठाईवाल्यास असे तोंडावर सांगणे आपल्याकडे अवघड जाते. कदाचित त्यामुळेच हे कलम कागदावर राहिले असावे. मात्र तपासणीत पदार्थ सदोष निघाला तर भरलेले शुल्क ग्राहकास परत मिळते आणि विश्लेषकाचा अहवाल थेट पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जाऊन पुढची कारवाई सुरू होते.

अधिकारी विनाकारण त्रास देतो अशी व्यापाऱ्यांची तक्रार असते, तिचीही दखल कायद्याने घेतली आहे. आकसाने किंवा सबळ कारणाविना माल जप्त करणाऱ्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तर पूर्वी दोषी ठरलेली व्यक्ती पुन्हा त्याच गुन्ह्यात सापडली, तर तिला दुप्पट दंड होतो, परवाना रद्द होतो आणि तिचे नाव, पत्ता, गुन्हा व शिक्षा तिच्याच खर्चाने वृत्तपत्रांत प्रसिद्ध करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.